पेस्ट्री नावाच्या चकोल्या

मुलीच्या शेजारच्या आजींनी आम्हाला शनिवारी दुपारी 'चिकन पेस्ट्री' खायला बोलावलं, तेव्हा घरी येऊन मी बराच वेळ गप्प बसून होतो. पेस्ट्री म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे पांढऱ्या क्रीमची, वर चेरी आणि खाली कागदाची वाटी असलेली, बँकेत कुणाचं प्रमोशन झालं की टेबलाटेबलावरून फिरणारी वस्तू. तिच्यात कोंबडी नेमकी कुठे बसवतात? चेरीच्या जागी, की क्रीमच्या खाली?

"अहो, पॅटिस असेल," ही म्हणाली. "आपल्याकडे बेकरीत चिकन पॅटिस नसतं का? तसलंच काहीतरी."

मुलीने ऑफिसच्या मीटिंगमधून एक कान मोकळा करून खुलासा केला. "बाबा, चिकन अँड डम्पलिंग्स म्हणतात ना, तेच ते. इकडची पूर्वेकडची जुनी माणसं त्याला पेस्ट्री म्हणतात." डम्पलिंग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे मोमो आले. मोमोत कोंबडी असते हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मी निश्चिंत झालो आणि पुन्हा चुकलो.

मुलगी राहते ते गाव कॅरी, नॉर्थ कॅरोलायना. मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्यांदा 'कैरी' असं लिहिलं होतं आणि माझ्या मेव्हण्याने लगेच 'लोणचं घालून आणा' असं कळवलं होतं. गावात बालाजीचं मोठं देऊळ आहे, कढीपत्ता मिळतो, संध्याकाळी फिरायला निघालं की चार मराठी आजोबा स्वेटर घालून समोरून येतात. मूळचे कॅरोलायनाचे लोक इथे शोधावे लागतात. जुन्या रहिवाशांमध्ये एक विनोद आहे, की कॅरी या नावातल्या चार इंग्रजी अक्षरांचा अर्थच मुळी 'उत्तरेकडून आलेल्यांना कोंडून ठेवण्याची जागा' असा होतो. हा विनोद मला शेजारच्या आजींनीच सांगितला. त्या अस्सल इथल्या. राज्याच्या पूर्व भागातल्या तंबाखूच्या शेतावर वाढलेल्या, वय वर्षं ब्याऐंशी. मी स्वतः सदुसष्टचा असून त्यांना आजी म्हणतो, ते नातीमुळे. नात जे म्हणेल ते घरात चालतं.

इथे माझ्या स्वभावाबद्दल एक खुलासा करणं भाग आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला. मी बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा इन्स्पेक्शनला. शाखेत पाऊल ठेवलं की तिजोरी, लॉकरची किल्ली, सोनेतारणाची सीलबंद पाकिटं, जे जे बंद असेल ते उघडून पाहायचं, हाच पोटाचा धंदा. ही सवय पेन्शनबरोबर घरी आली. गॅसवर काही ठेवलेलं असेल तर मला त्याचं झाकण उचलल्याशिवाय राहवत नाही. मी काही करत नाही, फक्त बघतो. पण हिचं म्हणणं असं, की अडतीस वर्षांच्या संसारात आमच्या घरच्या एकाही भाताला एकट्याने शिजायला मिळालेलं नाही.

तर शनिवारी जेवण दुपारी एकला होतं आणि आम्ही सकाळी नऊलाच आजींच्या स्वयंपाकघरात हजर झालो. करताना बघायचं, अशी माझीच विनंती होती. वही-पेन बरोबर होतं.

सुरुवात कोंबडीपासून. अमेरिकन दुकानात मिळते ती कोंबडी अंगाने भली मोठी, पण वयाने जेमतेम सहा-सात आठवड्यांची. 'कोंबडी कसली, पोर आहे ते,' अशा अर्थाचं आजी काहीतरी म्हणाल्या. या पदार्थाला लागते म्हातारी, अंडी द्यायची थांबलेली कोंबडी. ती दुकानात सहसा मिळत नाही. आजींना त्यांच्या गावाकडचा एक शेतकरी आणून देतो. मला एकदम सोलापूरकडचे दिवस आठवले. आमच्याकडेही अंड्यावरून उतरलेली कोंबडीच पाहुण्यांच्या वाट्याला यायची आणि पाहुणा जितका लांबचा तितकी कोंबडी म्हातारी असायची. पण यामागे नुसता कंजूषपणा नाही. कोवळी कोंबडी पाऊण तासात शिजते आणि पातेल्यात मागे गरम पाणी ठेवून जाते. म्हातारी तीन तास घेते, गॅस खाते, पण सगळं आयुष्य त्या रश्श्यात उतरवून जाते. वर बोटभर पिवळी चरबी तरंगते. आपण जिला तरी म्हणू, तीच ही, फक्त तिखटाविना. ही चरबी आजी डावाने काढून वाटीत जपून ठेवतात. ती पुढे पिठात जाते.

पण रस्सा व्हायच्या आधी एक आंतरराष्ट्रीय प्रश्न उभा राहिला होता. मुलीने आम्हाला बजावून ठेवलं होतं, की अमेरिकेत कोंबडी धूत नाहीत. इथल्या कृषी खात्याचाच तसा सल्ला आहे: धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओटाभर पसरतात, त्यापेक्षा आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस होईल असं शिजवा. शास्त्राला धरून आहे हे मला पटतं. हिलाही पटतं. पण हिचे हात ऐकत नाहीत. ते मीठ-हळद लावून तीन पाण्यांतून काढल्याशिवाय कोंबडीला कोंबडी मानत नाहीत. तर आजींनी इकडेतिकडे पाहिलं, कोंबडी सरळ नळाखाली धरली आणि खसखसून धुतली. हिने माझ्याकडे बघून जी मान डोलावली ती बघण्यासारखी होती. दोन खंडांतल्या आज्या एकीकडे आणि अमेरिकेचं कृषी खातं दुसरीकडे. खात्याला मी इथून फक्त सहानुभूती कळवू शकतो.

मग कांदा, सेलरीची दोन दांडकी, मीठ आणि मिरपूड घालून पातेलं चढलं. ही तिथेच ओट्याशी उभी राहून फोडणीची वाट पाहू लागली, स्टेशनवर पाहतात तशी. पातेलं उकळलं, आच मंद झाली, तीन तास गेले. फोडणीची गाडी काही आली नाही. शेवटी हिने मला हळूच विचारलं, "विसरल्या असतील का हो?"

आता पीठ. या भागाची मी वहीत काटेकोर नोंद करायचं ठरवलं होतं. मी विचारलं, पीठ किती? आजी म्हणाल्या, पुरेसं. पाणी किती? पीठ मागेल तेवढं. किती वेळ मळायचं? झालं की कळतं. मी वहीत 'पुरेसं', 'मागेल तेवढं' आणि 'कळतं' असे तीन शब्द लिहिले आणि वही मिटली. माझी आई 'मावेल तेवढं पीठ घाल' म्हणायची. कशात मावेल हे तिला आयुष्यात कुणी विचारलं नाही. अशी शाखा मी इन्स्पेक्शनला धरली असती तर मॅनेजरला मेमो दिला असता. पण हिशेब मात्र दर वेळी जुळलेला असायचा!

मी जे पाहिलं ते असं. एक लाकडी परात, पिढ्यान्‌पिढ्या तेल पिऊन काळपट झालेली. तिच्यात पीठ डोंगरासारखं ओतलेलं, लागणार त्याच्या दुप्पट-तिप्पट. आजींनी मुठीने मधोमध आळं केलं. त्यात ती जपून ठेवलेली चरबी, मीठ आणि निवत आलेला रस्सा ओतला. मग तीन बोटं त्या आळ्यात बुडवून गोल गोल फिरवायला लागल्या. प्रत्येक फेऱ्यात आळ्याच्या काठचं थोडंसं पीठ आत ढासळायचं, तेवढंच भिजायचं. परातीला हात लागत नव्हता, पीठ सांडत नव्हतं. पाचेक मिनिटांत मध्ये मऊ गोळा तयार आणि भोवती कोरडं पीठ जसंच्या तसं. गोळा उचलला, उरलेलं पीठ चाळून परत डब्यात. म्हणजे मोजायची गरजच नाही. पाण्याने आपल्याला हवं तेवढं पीठ स्वतःच उचललं. मी इंजिनियर असतो तर टाळ्या वाजवल्या असत्या. मी बँकेतला, मी डबा उघडून पीठ खरंच परत गेलं का ते पाहिलं.

पिठावरही त्यांची निष्ठा ठरलेली. आपल्याकडे जशी 'आम्ही लोकवनच घेतो' म्हणणारी घराणी असतात, तशी इकडे दक्षिणेत 'व्हाइट लिली'वाली घराणी आहेत. टेनेसीतल्या नॉक्सव्हिल गावी १८८३ मध्ये निघालेली ही गिरणी. पीठ हिवाळी मऊ गव्हाचं, चिकटपणा कमी, त्यामुळे केलेली वस्तू हलकी होते. हिने कौतुकाने त्याच्या पोळ्या करून पाहिल्या होत्या. तव्यावर टाकेपर्यंत एकाही पोळीने एकसंध राहायचं मनावर घेतलं नाही.

गोळा थोडा मुरल्यावर आजींनी तो ओट्यावर लाटला. पातळ, खालच्या ओट्याची नक्षी दिसेल इतका. टोक मोडलेल्या जुन्या सुरीने दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या. कोंबडी सोलून, हाडं काढून बाजूला झाली होती. रस्सा खळखळत होता. एकेक पट्टी त्यात सोडायची, आधीची बुडाली की पुढची, म्हणजे एकमेकींना चिकटत नाहीत. डाव घालून ढवळायचं नाही, नाहीतर लगदा होतो. पातेल्याचे कान धरून नुसतं हलवायचं. पट्ट्यांना लागलेल्या कोरड्या पिठाने रस्सा आपोआप दाट होत जातो.

तिसऱ्या पट्टीला मी ओरडलो, "अगं, या चकोल्या आहेत!"

होत्याच. तुरीच्या आमटीत पोळीसारखं लाटून, शंकरपाळ्यासारखं कापून सोडतात त्या चकोल्या. कुणी वरणफळं म्हणेल, गुजरातेत डाळढोकळी म्हणतील. आमटीच्या जागी कोंबडीचा रस्सा आला, कढीलिंबाच्या जागी सेलरी आली, बाकी तंत्र तेच, वासही बराचसा तोच, आणि घरात माणसं जास्त नि ऐवज कमी असताना पातेलं भरायची युक्तीही तीच. एक कोंबडी दहा माणसांना पुरवायची तर दुसरं काय करणार? आमच्याकडे तर कोंबडीही नसायची, कुळथाचं पीठ मळून हाताने वळलेले शेंगोळे मसाल्याच्या पाण्यात उकळले की रात्र निघायची. मी भारावून जाऊन आजींना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि कोंबडी कधी घालता?"

ही मात्र गप्प होती. हिच्या गप्प असण्याचं कारण मला माहीत होतं. ही जळगावची. हिच्या माहेरी चकोल्या हा पदार्थ 'कंटाळा आला की करायचा' या सदरात मोडतो. खरं प्रेम डुबुकवड्यांवर. बेसन सैलसर भिजवायचं, तिखट झणझणीत रस्सा उकळत ठेवायचा आणि बोटांनी पिठाचा थेंब-थेंब त्यात सोडायचा. प्रत्येक थेंब 'डुबुक' म्हणून बुडतो आणि शिजला की वर येतो. पदार्थाला पडण्याच्या आवाजावरून नाव देणारे लोक किती सरळ मनाचे असतील! लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी डुबुकवड्यांना 'भज्यांचा अपघात' म्हणालो होतो. तेव्हापासून आमच्यात लाटणारे आणि सोडणारे असे दोन पक्ष आहेत. युती आहे, पण विलीनीकरण झालेलं नाही.

आणि नेमक्या या क्षणी आजींची सून आली. हातात झाकलेलं पातेलं. सून इलिनॉयची, म्हणजे त्या कोंडून ठेवलेल्या उत्तरेकडच्यांपैकी. तिने सासूच्या ओट्यावर आपलं पातेलं ठेवलं आणि गोड आवाजात सांगितलं, की पाहुण्यांना 'खऱ्या' डम्पलिंग्सही कळाव्यात म्हणून तिने थोड्या करून आणल्या आहेत. झाकण काढलं. आत दाट रश्श्यावर लिंबाएवढे गुबगुबीत, पांढरेशुभ्र गोळे तरंगत होते.

"डुबुकवड्या!" ही जवळजवळ किंचाळलीच. इतक्या वर्षांत परदेशी भूमीवर हिला पहिल्यांदा आपल्या पक्षाचा माणूस भेटला होता.

मग मला कळलं, की हा वाद सगळ्या अमेरिकेत आहे. एक पंथ लाटून कापणाऱ्यांचा, एक चमच्याने सोडणाऱ्यांचा. सोडणाऱ्यांच्या पिठात बेकिंग पावडर असते, त्यामुळे गोळा फुगतो. आजींच्या मते ते डम्पलिंगच नव्हे. ते 'पाण्यात पडलेलं बिस्किट'. (अमेरिकन बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं ते नव्हे, ती एक मऊ खारट पाववजा चीज आहे. तरी शिवी तीच.) सुनेच्या मते सासूच्या पट्ट्या म्हणजे 'उकडलेला पुठ्ठा'. दोघी हे हसत हसत बोलत होत्या. मी सासू-सुनांचं असं हसणं सोलापुरात पाहिलेलं आहे आणि जळगावात ऐकलेलं आहे.

सुनेचा गुन्हा आणखी एक होता. पीठ खोक्यातलं. 'बिस्क्विक' नावाचं तयार मिश्रण: मैदा, चरबी, मीठ, बेकिंग पावडर सगळं आधीच एकत्र, फक्त दूध घाला. १९३१ पासून बाजारात आहे. त्याची कथा अशी सांगतात, की कंपनीचा एक विक्री अधिकारी रेल्वेने जात असताना अवेळी जेवायला बसला आणि आचाऱ्याने क्षणात गरम बिस्किटं पुढे ठेवली. कसं जमलं विचारलं तर आचाऱ्याने कोरडं मिश्रण आधीच करून बर्फावर ठेवलेलं होतं. साहेबाने युक्ती उचलली आणि कंपनी मोठी झाली. आचाऱ्याचं नाव काही कथेत येत नाही. आमच्या बँकेतही चांगल्या सूचनांचं असंच व्हायचं.

बेकिंग पावडरचीही जन्मकथा मला फार आवडते. १८४३ मध्ये इंग्लंडातल्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्याने ती केली, कारण बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. त्याआधी त्याने बिनअंड्याचं कस्टर्ड केलं होतं, कारण बायकोला अंडंही सोसत नव्हतं. ही गोष्ट मी हिला सांगितली. ही म्हणाली, "मला तुमचं झाकण उघडणं सोसत नाही. काढा काहीतरी शोध."

आता त्या झाकणाकडे येतो.

पुढच्या रविवारी मी जाहीर केलं, की मुलीच्या घरी मी स्वतः सोडलेल्या डम्पलिंग्स करणार. लाटणाऱ्यांचा पक्ष सोडला नव्हता. पण तपासणी दोन्ही बाजूंची व्हायला हवी. सुनेने कृती कागदावर लिहून दिली, मापांसकट. शेवटची ओळ तिने दोनदा अधोरेखित केली होती: पंधरा मिनिटं झाकण उघडू नये.

पहिला घोटाळा ताकाचा. कृतीत 'बटरमिल्क' होतं. मी दुकानातून दोन लिटरचा पुठ्ठ्याचा डबा आणला आणि वाटेत तहान लागली म्हणून, आपलं ताकच की, असं म्हणून तोंडाला लावला. अमेरिकेचं ताक ओतत नाही, सरकतं. दह्याने संन्यास अर्ध्यावर सोडला की असं होत असावं. त्याच्यात मीठ, जिरं आणि भरपूर पाणी घातल्यावर ते पिण्याजोगं झालं आणि मग डम्पलिंग्सना पुरेना, म्हणून पुन्हा दुकानात गेलो.

बाकी सगळं रीतसर झालं. दुकानातल्या पोरगेल्या कोंबडीचा रस्सा केला. पीठ फार न मळता नुसतं कालवलं. जास्त मळलं तर गोळे चिवट होतात. दोन चमच्यांनी एकेक गोळा उकळत्या रश्श्यावर सोडला. 'डुबुक' असा आवाज खरंच येतो, हे मी हिच्यादेखत कबूल केलं नाही. आच मंद केली, झाकण ठेवलं, घड्याळ लावलं.

खुलासा असा, की या गोळ्यांचा खालचा अर्धा भाग रश्श्यात शिजतो आणि वरचा अर्धा वाफेवर, आपल्या मोदकासारखा. बेकिंग पावडर ओली झाली की एकदा फुलते आणि उष्णता लागली की पुन्हा फुलते. त्या दुसऱ्या वेळी वाफ कोंडलेली पाहिजे. झाकण उघडलं की वाफ जाते, वरचा भाग थंड पडतो, फुगत आलेला गोळा बसतो आणि पुन्हा उठत नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तोंडपाठ असून उपयोग नसतो. रिझर्व्ह बँकेची परिपत्रकंही आमच्या मॅनेजरांना तोंडपाठ असत.

पहिली तीन मिनिटं मी हात मागे बांधून उभा होतो. चौथ्या मिनिटाला आतून एक वेगळाच आवाज आला. पाचव्याला मी स्वतःशी म्हटलं, फक्त किंचित, कडेने. मी उचललं ते अर्धा इंचसुद्धा नसेल. वाफेचा भपकारा चष्म्यावर आला, मला काहीच दिसलं नाही, आणि दिसलं नाही म्हणून चष्मा पुसून पुन्हा उचललं. अकराव्या मिनिटाला मुलगी स्वयंपाकघरात आली आणि तिने मला रंगेहाथ पकडलं. "बाबा!" एवढंच म्हणाली. शाखेतल्या कॅशियरच्या चेहऱ्यावर मी जो भाव अकरा वर्षं पाहिला, तो माझ्या चेहऱ्यावर होता.

गोळे वरून चिकट, आतून पिठूळ, मध्ये खडूसारखे झाले. नातीने एक प्लेटमध्ये टाकून पाहिला. तो उडी मारून खाली गेला. जावईबापू भला माणूस. त्याने दोन खाल्ले आणि दिवसभर कुणाशी फार बोलला नाही.

सोमवारी मुलीने काचेचं झाकण आणलं. आता बाबांना न उघडता बघता येईल, असा त्यामागचा विचार. काचेचं झाकण आतून धुक्याने भरतं. दिसत काही नाही, पण काहीतरी असल्याचं कळतं. म्हणजे जुन्या झाकणापेक्षा मोह दुप्पट. शेवटी ज्या दिवशी गोळे जमले, त्या दिवशी मला नातीबरोबर बागेत पाठवण्यात आलं होतं. परत आलो तेव्हा पातेलं उघडलेलं होतं आणि गोळे ढगासारखे फुगलेले. केले मी, पण फुगताना मी पाहिले नाहीत.

दरम्यान आम्ही बाहेरच्याही खाऊन पाहिल्या. 'क्रॅकर बॅरल' नावाची हॉटेलांची साखळी आहे, १९६९ मध्ये टेनेसीतल्या लेबनन गावात निघालेली. बाहेर ओसरीवर डुलत्या खुर्च्या, आत जुन्या वाण्याच्या दुकानासारखी मांडणी. तिथे हा पदार्थ पट्टीच्या जातीचा मिळतो. आजींना घेऊन गेलो होतो. त्यांनी चार घास खाल्ले, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाल्या, "ठीक आहे." हा 'ठीक आहे' मी पुण्यात लग्नाच्या पंगतींत इतक्या वेळा ऐकलाय, की मला भाषांतर लागलं नाही. आडवाटा घेणाऱ्यांवर त्यांचा राग तर आणखी. कुणी दुकानातली भाजलेली कोंबडी आणून पिंजून घालतं, कुणी मैद्याच्या मेक्सिकन पोळ्या कापून पट्ट्या म्हणून सोडतं. ही मला म्हणाली, "शिळ्या पोळ्यांचं काय करायचं हा प्रश्न त्यांनाही आहे म्हणायचा."

एक आठवण मात्र थट्टेची नाही. ऑक्टोबरात आजींच्या चर्चमधल्या एक मैत्रीण गेल्या. आजींनी त्या दिवशी सर्वांत मोठं पातेलं काढलं आणि संध्याकाळी ते त्या घरी पोचवलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, आणि पेस्ट्री चावावी लागत नाही, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. हिने मला विचारलंही नाही. घरात गेली आणि पिठलं-भात टाकला. आपल्याकडे अशा घरी शेजारून तेच जातं. डबा आजींच्या पातेल्याशेजारी त्या घरच्या टेबलावर जाऊन बसला. परत आला तो रिकामा, घासलेला आणि आत आभाराची चिठ्ठी. पिवळी गोष्ट काय होती हे त्यात विचारलं होतं.

पहिल्या दिवशी आजींच्या घरी पहिला घास घेतल्यावर हीसुद्धा मिनिटभर काही बोलली नव्हती. मग मला मराठीत म्हणाली, "आजारी माणसाला द्यायला चांगलं आहे." आजींनी अर्थ विचारला. मी घाबरत घाबरत सांगितलं. त्यांनी हिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, अगदी बरोबर, त्यासाठीच तर करतात.

सहा महिने संपले, आम्ही पुण्याला परतलो. आठवडाभरात मी चिकनवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, अंडी द्यायची थांबलेली गावठी दे. त्याने माझ्याकडे वर ते खाली पाहिलं. "काका, लोक मला म्हणतात कोवळी दे." पण मिळाली. तीन तास कुकर न लावता पातेल्यात शिजवली, शिट्टी नसल्यामुळे शेजारच्यांनी दोनदा विचारलं की घरी आहात ना. मेव्हणा, मेव्हणी, वरच्या मजल्यावरचे जोशी सोडून बाकीचे, असे अकरा जण जेवायला. वाद नको म्हणून दोन पातेली केली: एकात माझ्या पट्ट्या, एकात हिचे गोळे. गोळ्यांच्या पिठात हिने थोडी कोथिंबीर आणि एक हिरवी मिरची चिरून टाकली, त्याबद्दल मी इलिनॉयला काही कळवलेलं नाही. पंधरा मिनिटं मला गॅलरीत बसवलं होतं आणि दाराला आतून कडी होती.

पट्ट्यांचं पातेलं आधी संपलं. मी ते सगळ्यांदेखत तिरकं करून दाखवलं. ही म्हणाली, ते पातेलंच लहान होतं.

रात्री सगळे गेल्यावर, भांडी घासून झाल्यावर, मी दोन्ही पातेल्यांत मापाने पाणी ओतून पाहिलं. अर्ध्या लिटरने लहान होतं.